अर्ध्या शटरचं दुकान

माझ्या बायकोला दुकान मिळालं तेव्हा तिला जाऊन सात आठवडे झाले होते.

पत्र रजिस्टरनं आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "जयमाला हौसेराव फडतरे. सही त्यांचीच लागेल."

मी म्हणालो, "त्या नाहीत."

"कधी येतील?"

मी पाकिटावरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. शेजारच्या सुंदराबाई आमच्याच कोरेगावकडच्या. त्यांचं दार कधी बंद नसतं, कान तर नसतातच. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आरं बाबा, गेली ती. फेब्रुवारीत. आता सही आणाया तूच जातूस का वर?" पोस्टमननं मुकाट्यानं माझी सही घेतली, पाणी मागितलं, ते प्यायला आणि गेला.

पत्रात लिहिलं होतं की कळंबोलीच्या नव्या बाजारात आठ बाय दहाचा गाळा क्रमांक सात, महिलांसाठी राखीव, श्रीमती जयमाला यांना सोडतीत लागला आहे. व्यवसाय, ग्रामोफोन रेकॉर्डची विक्री. सहा महिन्यांत दुकान चालू न दिसल्यास गाळा परत घेण्यात येईल.

अर्ज तिनं ब्याण्णव साली भरला होता. ती बालवाडीत शिकवायची. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, "पापड लिही. बाईच्या अर्जात पापड असला की कोणी नाही म्हणत नाही." तिनं रेकॉर्ड लिहिलं. तेव्हा सगळी कळंबोली घरातल्या रेकॉर्डी भंगारात घालून कॅसेटी आणत होती. ती म्हणायची, "आत्ता टाकतायत, टाकू देत. दहा वर्षांनी शोधत येतील, तेव्हा माझ्याकडे असतील." तिला सगळं दहा वर्षं आधी सुचायचं. दहा वर्षं मात्र तिला मिळाली नाहीत. कावीळ झाली आणि अठरा दिवसांत संपलं.

माझं नाव हौसेराव असलं तरी घरातली सगळी हौस तिच्याकडे होती. मी लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून. ट्रक चढतो, आकडा लिहायचा. रिकामा ट्रक चढतो, आकडा लिहायचा. वजाबाकी करायची, चिठ्ठी फाडायची. पंचवीस वर्षं हेच केलं, आधी मुंबईच्या बाजारात, मग इथं. तिच्या गाण्यांबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे त्यांचं वजन. शहाऐंशी साली गावाकडून इथं सामान आणलं तेव्हा तिची रेकॉर्डची ट्रंक मी बारक्या काट्यावर ठेवली होती. एकतीस किलो चारशे. रिकामी ट्रंक आठ किलो. निव्वळ गाणी तेवीस किलो चारशे.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मशीन लावायची. मी बाहेरून म्हणायचो, "आवाज कमी कर, मला सकाळी सहाला काट्यावर जायचंय." ती इतका कमी करायची की मला काही ऐकू यायचं नाही. मधूनच तिचं हसणं तेवढं यायचं. एकटीच हसायची. "कोणाशी हसतेस?" विचारलं तर म्हणायची, "मी कुठं?" मी कूस बदलायचो.

ज्या कचेरीचं पत्र होतं तिचं नाव मी लिहीत नाही. अजून तिथं माझी कामं पडतात. तिथल्या साहेबांच्या टेबलावर चार नंबरची पाटी होती, म्हणून मी त्यांना चार नंबरचे साहेब म्हणतो. त्यांनी पत्र उलटंसुलटं पाहिलं.

"अर्जदार कुठे आहेत?"

"वारल्या."

"मग अर्जदारांचं तसं पत्र जोडा."

थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे वारसाचं पत्र. वारस कोण?"

"मी. मूलबाळ नाही."

"गाळा महिलांसाठी आहे."

"हो."

"तुम्ही महिला नाही."

मी नाही म्हणालो. ते त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. मग आजूबाजूला बघून खुर्ची पुढे ओढली. "फडतरे, हे तुम्ही मला सांगितलंत, ठीक आहे. फायलीला सांगू नका. बंद गाळा परत घ्यायला आम्हाला एक शिक्का पुरतो. चालू दुकान बंद करायचं तर कागद वरपर्यंत न्यावा लागतो, आणि वर कोणी जात नाही. ऑक्टोबरात पाहणीला मीच येणार आहे. दुकान चालू दिसू द्या."

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "कॅसेटी ठेवतो. ट्रकवाले घेतील."

"कॅसेट नाही. अर्जात रेकॉर्ड आहे. धंदा बदलायचा तर अर्जदाराची सही लागेल."

खरं तर तिथंच सोडून द्यायला हवं होतं. पण त्या दोन महिन्यांत मी बरंच काही पाहिलं होतं. रेशनकार्डावर तिच्या नावावर लाल रेघ मारली होती, तीही पट्टी लावून, सरळ. बँकेत नाव कमी झालं, मतदारयादीत झालं, बालवाडीच्या हजेरीपटावर तिच्या जागी दुसरी बाई आली. साऱ्या जगात ही एकच फाईल उरली होती जिच्यात जयमाला अजून अर्जदार होती. ते नाव मला तिथं राहू द्यायचं होतं. त्यासाठी दुकान चालवावं लागणार असेल तर चालवायचं, एवढाच माझा विचार. शेठला मी सांगितलं की यापुढे दुपारपर्यंतच काट्यावर येईन. शेठ म्हणाले, "मग पगारही दुपारपर्यंतच येईल." ते त्यांच्या जागी बरोबर होते.

दुसरी अडचण सुंदराबाईंनी काढली.

"वरीस सरल्याबिगर नवं काम करायचं न्हाई, भावजी. नारळ न्हाई, तोरण न्हाई, उद्घाटन न्हाई."

"सहा महिन्यांची मुदत आहे."

"मुदत सरकारची. वरीस तिचं."

यावर आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात चर्चा झाली. एकानं सांगितलं, मागच्या दारानं दुकान चालवा. गाळ्याला मागचं दार नव्हतं. एकानं सांगितलं, भाचा दत्तक घ्या. मला भाचा नव्हता. शेवटी निवाडा सुंदराबाईंनीच दिला. "शटर अर्धं वर करा. पुरं उघडलं तर दुकान उघडलं. अर्धं म्हंजे झाडून काढाया आल्यागत. सरकारला दिसंल चालू, देवाला दिसंल बंद."

सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं. आज लिहिताना त्यात तितकंसं शहाणपण दिसत नाही, पण त्या वर्षी कोणी मला डोक्यावर उभं राहा म्हणालं असतं तरी मी राहिलो असतो. सुंदराबाईंनी स्वतः येऊन कमरेशी हात धरला आणि शटरच्या पट्टीवर खडूनं खूण केली. याच्या वर नाही.

आता माल. घरच्या ट्रंकेला हात लावायचा नाही हे मी ठरवलं होतं. मग सदूनं देवजी म्हात्र्याचं नाव सांगितलं. सदू लोखंड बाजारातला माथाडी, माझ्या गावचा, प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय असतो. देवजी रोडपालीचा, मांडवाचा कंत्राटदार. पूर्वी हळदीला तो भोंगे लावून रेकॉर्डी वाजवायचा. आता मोठमोठे बॉक्स आले, कॅसेटी आल्या, आणि रेकॉर्डी गोण्यांत पडून होत्या.

"किती आहेत?" मी विचारलं.

"कोन मोजतंय?" देवजी म्हणाला. "गोन्या हायत सात-आठ."

"मग वजनावर घेतो."

फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच मला काहीतरी येतंय असं वाटलं. टेम्पो भरून काट्यावर घातला, रिकामा करून पुन्हा घातला, गोण्यांचं वजन वजा केलं. निव्वळ एकशे चाळीस किलो. मी चिठ्ठी फाडली, देवजीनं हसत पैसे मोजून घेतले, आणि माल माझा झाला. आत काय आहे ते मी पाहिलं नाही. काट्यावर माल बघत नाहीत, आकडा बघतात.

गोण्या दुकानात सोडल्या तेव्हा दिसलं. खाडीकाठच्या गोदामात दहा वर्षं त्या गोण्यांवर जेवणावळीचे डेग रचलेले होते. रेकॉर्डींनी डेगाच्या बुडाचा आकार घेतला होता. एकेक रेकॉर्ड म्हणजे परात. काहींना हळद लागलेली, एका गोणीत अक्षता. जुन्या जाड रेकॉर्डी तेवढ्या थोड्या कमी वाकल्या होत्या.

सदू आला, बघितलं, आणि म्हणाला, "यात काय आहे? पत्रा वाकला तर आपण काय करतो? वजन ठेवतो. रात्रभर प्लेट ठेवायची, सकाळी सरळ."

हे मलाही बरोबर वाटलं. आम्ही दोघांनी पंचवीस वर्षं लोखंड पाहिलं होतं, दुसरं काही नाही. सदूनं चार गडी आणले आणि दहा एमएमच्या दोन प्लेटा हातगाडीवरून आणल्या. रेकॉर्डींचे थर लावले, वर प्लेट ठेवली. प्लेट टेकली तेव्हा आतून आवाज आला. मोठा नाही. कोणीतरी पापड मोडल्यासारखा. मग दुसरा, मग बराच वेळ येत राहिला.

सदू म्हणाला, "बसतायत."

प्लेट उचलली तेव्हा तळहातापेक्षा मोठा असा एकही तुकडा नव्हता. जाड होत्या त्या फुटल्याच, पातळ होत्या त्याही तडकल्या. सदूनं एक तुकडा उचलून डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाला, "पण सरळ झाल्यात." ते खरं होतं. प्रत्येक तुकडा सरळ होता. मी सवयीनं पुन्हा वजन केलं. एकशे चाळीस किलो. ग्रॅमही कमी झाला नव्हता. पंचवीस वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला त्या काट्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

अशा मालावर ऑगस्टात "जयमाला रेकॉर्ड्स" अर्धं उघडलं. आत एक स्टूल, सवयीनं आणलेला एक तराजू, तिचं मशीन, तुकड्यांच्या गोण्या आणि भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो. बाहेर कमरेइतकं शटर. समोर ट्रक उभे राहायचे. अर्ध्या शटरमागे काय विकतात याबद्दल ट्रकवाल्यांचा अनुभव दांडगा असतो. रोज चार-पाच जण वाकून आत डोकावायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "काका, चपटी मिळेल का?" मी नाही म्हणालो की त्यांना वाटायचं ओळख लागते. एकानं तर जाऊन माझ्या ओळखीच्या माणसाची चिठ्ठी आणली. ज्या माणसानं जन्मात सुपारी खाल्ली नाही त्याची कळंबोलीत कीर्ती ही अशी पसरली.

आठवड्यात हवालदार आले. आत येताना वाकले तशी टोपी पडली, त्यामुळे ते आधीच चिडले होते.

"काय चालतं इथं?"

"गाण्याच्या तबकड्या विकतो."

"दाखवा."

मी गोणी उघडली. त्यांनी हात घालून मूठभर तुकडे काढले, उजेडात धरले.

"कोणी फोडल्या?"

"मी."

"कशाला?"

"सरळ करायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं. तुकडे परत गोणीत टाकले, तेही सावकाश. "घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"वेळेवर जेवत जा, काका," असं म्हणून ते वाकून निघून गेले. माझा इतका अपमान कोणी शिव्या देऊनही केला नसता.

सप्टेंबर संपत आला. विकण्यासारखं काही नव्हतं. निदान दुकान भरलेलं दिसावं म्हणून मी घरून ट्रंक आणली आणि वर खडूनं लिहिलं, विक्रीसाठी नाही. त्याच दुपारी देवजीची आई सगुणाबाई आली. पंच्याहत्तरीची, मुळातच वाकलेली. माझ्या शटरची उंची जिला बरोबर बसली असं ते पहिलं गिऱ्हाईक.

सगुणाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं धवलारीण म्हणते, तिनं म्हटल्याशिवाय पुढचा विधी होत नाही. म्हणजे पूर्वी होत नव्हता. आता बॉक्स लागतात, आणि सगुणाबाईला पहिल्या पंगतीला जेवायला घालून घरी पाठवतात. जयमाला तिच्याकडे वही घेऊन जाऊन बसायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"फडतरे, तुझी बायको बोलली व्हती, मना एक तबकडी आयकवीन. गाता गाता बाई हसते तिच्यावर. ती लाव."

"कुठली?"

"मना काय ठाव? बायको तुझी. तुला ठाव पायजे."

मला वजन माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

ट्रंकेत एकशे सतरा रेकॉर्डी होत्या. एकीवरही काही खूण नव्हती. लावून बघण्याशिवाय इलाज नव्हता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्या मशीनला मी पहिल्यांदा हात लावत होतो. सुई टेकवली तर आतून बाईचा नाही, रेड्याचा आवाज आला. सगुणाबाई कानावर हात ठेवून म्हणाली, "हिला काय झाला?"

शटरखालून एक ड्रायव्हर डोकावत होता. नगरचा होता. "काका, गियर चुकलाय," तो म्हणाला. "ती बारकी दांडी बघा. दुसऱ्यात टाका." मी दांडी सरकवली. बाई गाऊ लागली.

त्यानंतर सगुणाबाई रोज चारला यायची. दिवसाला आठ-नऊ रेकॉर्डी, दोन्ही बाजू. ती प्रत्येकीवर मत द्यायची. "हिचा गला बरा हाय, पन घाई फार." "ही नवऱ्यावर रागावलीय." "ह्याला कोनी पानी द्या." नगरचा ड्रायव्हर माल उतरेपर्यंत पायरीवर बसायचा, मग त्याचे जोडीदारही बसू लागले. चपटीचं कोणी विचारेना. सुंदराबाई स्वतःचा पाट घेऊन यायच्या. "मी काय गाणं ऐकाया आले न्हाई," त्या म्हणायच्या, "शटर बघाया आले." शटर बघायला त्यांना साडेसहा वाजायचे.

मी आपला गियर बदलत होतो. ऐकत होतो असं म्हणणार नाही. हसण्याची वाट बघत होतो.

चार नंबरचे साहेब आले तेव्हा अठ्ठ्याण्णव रेकॉर्डी झाल्या होत्या. ते स्कूटर लावून बराच वेळ शटरसमोर उभे राहिले. त्यांच्या फॉर्मवर छापलं होतं, चालू / बंद, लागू नसेल ते खोडा.

"फडतरे, हे काय आहे?"

सुंदराबाईंनी पाटावरूनच त्यांना वर्षाचा नियम समजावून सांगितला. साहेब म्हणाले, "बाई, माझ्याकडे अर्ध्याचा रकाना नाही."

"मग काढा की. पेन हाय ना हातात?"

साहेब वाकून आत आले. गोण्या पाहिल्या, ट्रंक पाहिली, ट्रंकेवरचं वाचलं. "विक्रीची पावती दाखवा एखादी."

"नाही."

"तीन महिन्यांत एकही नाही?"

"या तिच्या आहेत. विकायच्या नाहीत."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मग हे दुकान नाही, फडतरे. हे घर आहे. घराला मी चालू कसं लिहू?" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यासमोर एक विक्री झाली तर लिहीन. एकच."

मी पुढची रेकॉर्ड लावली. साधी, मळकट, कागद फाटलेली, कोण गातंय ते वाचताही येत नव्हतं. एक बाई हळू गात होती. मागं पेटी. कडवं संपता संपता तिच्या खोलीत काहीतरी पडलं असावं, एखादं भांडं. आणि ती हसली. एवढंसंच. पेटी थांबली नाही, तिनं तिथूनच सूर उचलला आणि पुढं गेली.

सगुणाबाई म्हणाली, "हीच."

मला सांगायची गरज नव्हती. ते हसणं मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. स्वयंपाकघरातून यायचं ते हेच. हसत होती ती रेकॉर्डवरची बाई, जयमाला नाही. ती म्हणायची ना, "मी कुठं?" खरंच सांगत होती. मी विचारल्यावर एकदाही उठून आत गेलो नव्हतो.

सगुणाबाईनं पदराची गाठ सोडली. "ही मना दे."

सुंदराबाई म्हणाल्या, "आजी, दुसरी घ्या की. एवढ्या हायत. ही राहू दे त्यांस्नी."

"दुसरी नको. ती मना हीच बोलली व्हती."

साहेब फॉर्मकडे बघत होते. नगरचा ड्रायव्हर पायरीवरून उठून उगाच आपल्या ट्रककडे गेला. मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं. ही रेकॉर्ड ठेवली तर गाळा जातो आणि फायलीतलं नाव जातं. नाव ठेवलं तर हसणं जातं. कुठल्याही काट्यावर हे दोन्ही एकदम चढवून बघता येत नाहीत.

मी पावतीपुस्तक काढलं. हातानं सवयीनं रेकॉर्ड तराजूत ठेवली. ग्रामोफोन रेकॉर्ड, नग एक. निव्वळ वजन एकशे ऐंशी ग्रॅम. घेणार, सगुणाबाई म्हात्रे. सही केली आणि पावती फाडली. तिची कार्बनची प्रत साहेबांनी फॉर्मला टाचली आणि "बंद" हा शब्द खोडला. दोनदा खोडला. मग खालच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

"अर्जदार?"

मी फोटोकडे बोट केलं. त्यांनी वर पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि वाकून बाहेर पडले. महिन्यानं प्रत आली तेव्हा वाचलं. अर्जदार समक्ष उपस्थित.

सगुणाबाई रेकॉर्ड पदरात गुंडाळून निघाली. शटरपर्यंत गेली आणि परत आली.

"मेल्या, पन मी हिला वाजवू कशावर? माझे घरी मशीन कुठं हाय?"

कोणालाच हे आधी सुचलं नव्हतं. साहेबांनाही नाही. तिनं रेकॉर्ड पुन्हा माझ्या हातात दिली. "इथंच ऱ्हाऊ दे. मी दर गुरवारी येईन. पन मी नसताना वाजवायची नाय हां. माझी हाय ती."

मी चिठ्ठी लिहून वर चिकटवली, सगुणाबाई म्हात्रे यांची.

ते बघून नगरच्या ड्रायव्हरनं एक घेतली. त्याच्याकडे तरी मशीन कुठलं? त्यानंही इथंच ठेवली. मग त्याच्या जोडीदारानं. मग सुंदराबाईंनी, "शटर बघाया येतेच हाय तर" म्हणून. साधारण दीड वर्षात एकशे सतराच्या एकशे सतरा विकल्या गेल्या आणि एकही दुकानाबाहेर गेली नाही. ट्रंक अजून एकतीस किलो चारशे भरते, चिठ्ठ्यांमुळे किंचित जास्तच. ज्याची त्यानं येऊन ऐकावी. दुसऱ्याची ऐकायची तर त्याची परवानगी आणावी लागते. नगरचा ड्रायव्हर एकदा गुजरातला गेला होता, तर त्याच्या जोडीदारानं त्याचं पत्र आणून दाखवलं. लोक आता घरच्या जुन्या रेकॉर्डीही आणून देतात. त्या विकतो, त्यांच्यावर दुकान चालतं. साहेब दरवर्षी येतात, पावत्या बघतात, चालू लिहितात. कधी कधी थोडा वेळ बसतात.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदराबाई नारळ घेऊन आल्या. आता शटर पुरं उघडायचं. मी ओढलं, खुणेच्या वर हललं नाही. सदू आला, म्हणाला, "यात काय आहे?" आणि चार गड्यांनिशी ओढलं. खाडीच्या हवेनं सहा महिन्यांत खडूच्या खुणेवरची पट्टी गंजली होती; शटर खाली यायचं, खुणेच्या वर जाईना. सदू प्लेट आणायला निघाला तेव्हा मी त्याला हात जोडले. सुंदराबाईंनी वाकून उंबऱ्यावर नारळ फोडला. त्यालाही आता दीड वर्ष झालं. शटर तिथंच आहे.

सगुणाबाई गेले दोन गुरुवार आली नाही. तिला ताप होता. मशीन माझं, ट्रंक माझी, दुकानाची किल्ली माझ्याकडे. पण पावती मीच फाडली आहे, त्यामुळे मी ती रेकॉर्ड लावली नाही. काल देवजी भेटला. म्हणाला, "बरी हाय आता. येल ती."

आज बुधवार आहे.